गुणांची मांडणी आणि मुलांच्या वाटा : टेकडीवरील गुणाधारित ओरिएंटिअरिंगचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे परिसरातील एका माध्यमिक शाळेने नववीच्या दोन तुकड्यांसाठी नकाशावाचनाचा प्रत्यक्ष उपक्रम घ्यावा, असे भूगोलाच्या शिक्षिकेने सुचवले आणि त्याचे संयोजन आमच्या भटकंती करणाऱ्या छोट्या गटाकडे आले. शाळेचे आणि टेकडीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. दोन तुकड्या मिळून ६४ मुले होती. एवढ्या सगळ्यांना एकदम टेकडीवर नेण्याआधी अनुभव घ्यावा म्हणून दिवाळीनंतर नोव्हेंबरात एका तुकडीच्या ३२ मुलांसाठी पहिला प्रयोग केला आणि जानेवारीत सर्व मुलांसाठी दुसरा. या दोन रविवारांच्या मध्ये आम्ही काय शिकलो आणि कोणते निर्णय बदलले, याची ही नोंद आहे.

ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी जागेत ठरवून दिलेली ठिकाणे शोधण्याचा खेळ. तो स्वीडन आणि नॉर्वेच्या लष्करी सरावातून निघाला, १८९७ मध्ये नॉर्वेत त्याच्या सार्वजनिक स्पर्धा झाल्या आणि १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. शोधायच्या ठिकाणाला खेळाडू ‘कंट्रोल’ म्हणतात आणि तिथे नारिंगी-पांढऱ्या कापडाची, ३० सेंटीमीटर बाजूची तिकोनी झेंडी टांगलेली असते. नेहमीच्या प्रकारात कंट्रोल ठरलेल्या क्रमाने घ्यावे लागतात. गुणाधारित प्रकारात मात्र सगळे गट एकाच वेळी निघतात, प्रत्येक कंट्रोलला वेगवेगळे गुण असतात, कोणते कंट्रोल घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने हे गट स्वतः ठरवतो, आणि ठरलेल्या वेळेत परत न आल्यास गुण कापले जातात. याच तत्त्वावर १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात रोगेनिंग हा चोवीस तासांचा सांघिक प्रकार आकाराला आला.

शाळेतील मुलांसाठी आम्ही गुणाधारित प्रकार निवडला तो विचारपूर्वक. नववीच्या एका वर्गात धावपटू असतात, दम्याचा पंप खिशात ठेवणारी मुले असतात, आणि गावाकडे गुरांमागे हिंडलेली, टेकडी अंगवळणी पडलेली मुलेही असतात. क्रमवार शर्यतीत सर्वांचे अंतर सारखे असते, त्यामुळे संथ गट शेवटी आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत पोहोचतो. गुणाधारित प्रकारात सर्वांची वेळ सारखी असते आणि अंतर ज्याचे त्याने ठरवायचे असते. चार मुलांनी नकाशाभोवती बसून ‘आपल्याला किती झेपेल’ याचा प्रामाणिक हिशेब करणे हाच या प्रकारातला खरा धडा आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

टेकडी वनविभागाच्या हद्दीत असल्याने स्थानिक कार्यालयाकडून लेखी परवानगी घेतली. झाडाला खिळा ठोकायचा नाही, दगडावर रंग लावायचा नाही, जाळ करायचा नाही आणि आणलेला प्लॅस्टिकचा तुकडाही मागे ठेवायचा नाही, या अटी होत्या. झेंड्या सुतळीने बांधायच्या ठरल्या.

पहिला प्रयोग

नोव्हेंबरच्या प्रयोगात चार-चार मुलांचे आठ गट होते, बारा कंट्रोल होते आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊ अशी ९० मिनिटांची होती. पायथ्याच्या देवळासमोरचे पटांगण हा आरंभ आणि तोच शेवट. गुण आम्ही अंतर आणि चढ पाहून दिले : जवळच्या चार कंट्रोलना १०, त्यानंतरच्या चारांना २०, वरच्या दोघांना ३० आणि अगदी पश्चिमेकडच्या दोघांना ४०. हे ४० गुणांचे कंट्रोल जुन्या दगडखाणीच्या दोन बाजूंना होते. एक खाणीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर आणि दुसरा खाणीपलीकडच्या मातीच्या बंधाऱ्यावर. दोन्ही जागा सुरक्षित होत्या आणि त्यांना जोडणारी चांगली वळसा घेणारी पायवाटही होती. उशिराचा दंड मिनिटाला एक गुण ठेवला, कारण मुलांवर फार ताण नको असे आम्हाला वाटत होते.

नकाशा म्हणून १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशाचा भाग मोठा करून छापला होता. ही आमची पहिली चूक आणि ती पूर्णपणे तांत्रिक होती. या प्रमाणात नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक एवढ्याच असतात. नकाशा मोठा केल्याने रेघा जाड होतात, माहिती वाढत नाही. ज्या टेकडीवर दर पन्नास पावलांवर नवी पायवाट फुटते, तिथे मुलांच्या हातातल्या कागदावर दोनच वाटा दिसत होत्या.

झेंड्यांच्या बाबतीतही एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. टेकडीवर म्हसोबाचे ठाणे आहे आणि वर भगवा ध्वज आहे; आणखी वर एका झाडाला कुणी नवसाचे कापड बांधले आहे. लांबून नारिंगी कापड दिसले की मुले तिकडे धावत. तीन गट म्हसोबापाशी पोहोचून पंच, म्हणजे कंट्रोल घेतल्याची खूण गटाच्या कार्डावर उमटवायचे साधन, शोधत बसले. तेथून नकाशावरचा कंट्रोल दीडशे मीटरवर होता.

अडचण

नऊ वाजले तेव्हा सहा गट पटांगणात होते. सातवा गट २२ मिनिटे उशिरा आला. आठवा ४७ मिनिटे उशिरा, नऊ वाजून ४७ मिनिटांनी आला, आणि त्यांच्यासोबत टेकडीवर शेळ्या चारणारे एक काका होते.

सातव्या गटाने २१० गुण मिळवले होते. त्यातून २२ वजा होऊन १८८ उरले आणि तो गट पहिला आला. वेळेत परतलेल्या सर्वोत्तम गटाचे गुण १७० होते. बोलता बोलता कळले, की सातव्या गटातल्या चौघांनी मिळून फिरणे अर्ध्या तासातच सोडले होते. त्यांच्यातला वेगाने पळणारा एक मुलगा कार्ड घेऊन एकटाच खाणीकडे गेला आणि बाकीचे तिघे वडाच्या सावलीत बसून राहिले. दुसऱ्या गटाच्या मुलांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. परंतु ‘गटाने एकत्र राहावे’ हे आम्ही तोंडी सांगितले होते, नियम म्हणून लिहिले नव्हते आणि ते न पाळल्यास काय होईल हेही सांगितले नव्हते. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे होते की त्या गटाला बाद करावे. मी निकाल कायम ठेवण्याच्या बाजूने होतो, कारण न लिहिलेल्या नियमावर शिक्षा दिली तर मुले नियमांपेक्षा आमच्या मर्जीचा अंदाज घ्यायला शिकतील. निकाल कायम राहिला. त्या मुलाने काही लबाडी केली असे मला वाटत नाही. आम्ही मांडलेल्या गणिताचे त्याने अचूक उत्तर काढले होते. खाणीच्या दोन कंट्रोलचे ८० गुण आणि वीस मिनिटांच्या उशिराचा दंड २० गुण, म्हणजे उशीर करण्यातच ६० गुणांचा फायदा होता.

आठव्या गटाचे प्रकरण अधिक गंभीर होते. स्वयंसेवकांना आम्ही नऊ वाजता झेंड्या उतरवायला सांगितले होते. हा गट बंधाऱ्यावर नऊ वाजून पाच मिनिटांनी पोहोचला, तेव्हा तिथली झेंडी उतरवून स्वयंसेवक दुसऱ्या वाटेने खाली निघालेला होता. मुले बरोबर जागी उभी होती आणि झेंडी नव्हती. आपणच चुकलो असे समजून ती वीस मिनिटे बंधाऱ्याच्या वर-खाली शोधत राहिली. मग उशीर झाल्याच्या घाईत त्यांनी वळशाची पायवाट सोडली आणि नकाशावर दोन कंट्रोलना जोडणारी सरळ रेषा धरली. ती रेषा खाणीच्या काठाने जाते. शेळ्या चारणाऱ्या काकांनी त्यांना काठाजवळच्या घाणेरीच्या झुडपांत पाहिले, हाक मारून थांबवले आणि पायवाटेला आणून सोडले.

इकडे पटांगणात नऊ वाजून वीस मिनिटांनी शोध घ्यायचे ठरले, तेव्हा तो गट कोणत्या दिशेला गेला हे एकालाही सांगता येईना. दोन स्वयंसेवक टेकडीवरच्या मनोऱ्याकडे धाडले. ती अगदी उलट दिशा होती.

काही दुखापत झाली नाही. तरीही त्या संध्याकाळी आम्ही पाच जण जेव्हा बसलो तेव्हा सर्वांच्या मनात खाणीचा काठच होता. दोन सर्वाधिक मोलाचे कंट्रोल एका धोक्याच्या दोन बाजूंना ठेवणे म्हणजे त्या धोक्यावरून वाट आखून देणेच होय, ही गोष्ट नकाशावर पट्टी ठेवून एकदा रेघ ओढली असती तरी आधीच दिसली असती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय क्रमवार शर्यतीकडे वळण्याचा होता. त्यात कोणता गट कुठे असावा याचा अंदाज राहतो. परंतु गट एकामागून एक सोडावे लागतात. सोळा गट तीन-तीन मिनिटांनी सोडले तर शेवटचा गट पाऊण तास पटांगणात ताटकळतो, आणि संथ गटांचा प्रश्न तसाच राहतो. मुख्य म्हणजे ‘काय सोडायचे’ हा निर्णय मुलांच्या हातून जातो.

दुसरा पर्याय प्रत्येक कंट्रोलवर एक मोठे माणूस बसवण्याचा होता. शाळेला तो पसंत होता. आमच्याकडे मात्र जानेवारीसाठी अकरा माणसे होती आणि त्यांतली दोन आरंभस्थळी लागणार होती. शिवाय कंट्रोलवर माणूस बसले की मुले झेंडी शोधत नाहीत, माणूस शोधतात. दुरून ‘काका, इकडे का?’ अशी हाक ऐकू येते आणि नकाशा खिशात जातो.

तिसरा पर्याय मोबाइलवरच्या अ‍ॅपचा होता. एका पालकांनी तो मनापासून सुचवला होता आणि त्यांची काळजी समजण्यासारखी होती. अ‍ॅपमुळे प्रत्येक गट कुठे आहे हे पटांगणातून दिसले असते. पण टेकडीच्या पश्चिम उतारावर मोबाइलला रेंज नाही, खाणीच्या भिंतींजवळ उपग्रहावरून मिळणारे स्थान सरकते, आणि पडद्यावर ‘तुम्ही येथे आहात’ असा ठिपका दिसत असेल तर नकाशावाचनाचे कारणच उरत नाही. तरीही ‘गट कुठे आहे हे कळले पाहिजे’ ही त्या सूचनेमागची गरज खरी होती आणि तिचे उत्तर दुसऱ्या मार्गाने शोधणे आम्हाला भाग होते.

चौथा पर्याय उपक्रमच रद्द करण्याचा. मुख्याध्यापिकेने तो आमच्यासमोर स्पष्ट ठेवला आणि काय बदलणार ते लेखी द्या, मग ठरवू, असे सांगितले. त्या लेखी मागणीमुळेच आमचा विचार नीट झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. आम्ही गुणाधारित प्रकार ठेवला, परंतु नकाशा, गुण, दंड, पंच आणि परतीची व्यवस्था हे सर्व नव्याने मांडले.

केलेली कार्यवाही

नकाशा आम्ही स्वतः तयार केला, १:५,००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर ५० मीटर. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशातील वाटा आणि उपग्रहचित्र हा पाया घेतला आणि तीन रविवार टेकडीवर चालून तो दुरुस्त केला. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून काढलेल्या समोच्च रेषा गुळगुळीत येतात. लहान घळी आणि सोंडा त्यांत बुजून जातात. येथे टेकडीनेच आम्हाला मदत केली. वनविभागाने उतारावर पाणी मुरवण्यासाठी खणलेले सलग समतल चर एकाच उंचीवरून जातात, म्हणजे प्रत्येक चर ही जमिनीवर काढलेली समोच्च रेषाच असते. आम्ही चर चालत गेलो आणि नकाशावरच्या रेषा त्यांच्याशी जुळवत गेलो.

हेच चर पुढे शिकवण्याचे साधन झाले. डिसेंबरातल्या एका शनिवारी एका तुकडीला टेकडीच्या अर्ध्यावर नेऊन वीस मुलांना एका चराच्या काठावर हात हात अंतराने उभे केले आणि उरलेल्या बारांना वरच्या सोंडेवर नेऊन खाली पाहायला सांगितले. पांढऱ्या गणवेशांची रांग घळीत आत वळत होती, सोंडेवर बाहेर येत होती, पण वर-खाली कुठेच होत नव्हती. एक मुलगी हातातला नकाशा फिरवत फिरवत त्या रांगेशी जुळवत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे ही रेघ चालताना दम लागत नाही.’ समोच्च रेषेची याहून नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. त्यानंतर मुलांच्या जागा बदलल्या आणि दुसऱ्या शनिवारी दुसऱ्या तुकडीसोबत हेच केले.

गुणांचा आधार बदलला. अंतर आणि दम यांऐवजी ठिकाण शोधण्याची अवघडता ही कसोटी धरली. मोठ्या वाटेवरचे किंवा वाटेच्या फाट्यावरचे पाच कंट्रोल १० गुणांचे. ठळक खुणेपासून ५० मीटरच्या आत पण वाटेबाहेरचे पाच २० गुणांचे. आणि समोच्च रेषा किंवा होकायंत्राची दिशा वापरल्याशिवाय न सापडणारे चार ३० गुणांचे. एकूण चौदा कंट्रोल, २७० गुण. या चारांपैकी दोन तर आरंभस्थळापासून पाचशे मीटरच्या आत होते, त्यामुळे मोठे गुण मिळवण्यासाठी लांब पळायची गरज उरली नाही. ग्लिरिसिडिया या झाडांच्या दाट लागवडीत, चराच्या टोकाशी ठेवलेली झेंडी वीस पावलांवरूनही दिसत नव्हती. खाणीकडचा संपूर्ण भाग नकाशावर तिरप्या लाल रेघांनी निषिद्ध केला, जमिनीवर तिथे अडवणारी फीत बांधली, आणि कोणत्याही दोन कंट्रोलना जोडणारी सरळ रेषा त्या भागातून जात नाही हे पट्टी ठेवून तपासले.

दंडाबाबत सर्वाधिक चर्चा झाली. मिनिटाला एक गुण हा दंड निरर्थक ठरला होता. वीस मिनिटांच्या पुढे सर्व गुण शून्य करावेत, असा एक प्रस्ताव होता. तो आम्ही नाकारला, कारण सगळेच गमावण्याच्या भीतीने मुले उतारावर धावतील आणि जानेवारीतल्या वाळलेल्या गवतावर पाय घसरतो. शेवटी पहिल्या पाच मिनिटांना मिनिटामागे ५ गुण आणि त्यापुढे मिनिटामागे १० गुण असे ठरले. दहा मिनिटे उशीर म्हणजे ७५ गुण गेले. या हिशेबात सहा मिनिटांच्या उशिरापासून पुढे कोणताही एक कंट्रोल उशिरापेक्षा मोलाचा राहत नाही.

गट एकत्र राहावा यासाठी गटाचे कार्ड बंद केले आणि प्रत्येक मुलाच्या मनगटाला न फाटणाऱ्या कागदाची पट्टी बांधली, जी काढायची तर कापावीच लागते. पट्टीवर चौदा चौकटी छापल्या. आधी अप्पा बळवंत चौकातून फूल, चांदणी अशा आकारांचे हस्तकलेचे पंच आणले होते, पण ते त्या कागदात उमटेनात. मग एका परिचित गटाकडून सुयांचे पंच उसने आणले, ज्यांत प्रत्येक कंट्रोलच्या सुयांची मांडणी वेगळी असते. चारही मनगटांवर खूण असेल तरच गुण, हा नियम लिहून दिला.

होकायंत्रे आदल्या दिवशी तपासली. सोळांपैकी एकाची सुई बरोबर उलटी दाखवत होती. बहुधा ते कधीतरी ध्वनिवर्धकाच्या चुंबकाजवळ ठेवले गेले असावे. पुणे परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे. पाचशे मीटरला एका अंशाची चूक नऊ मीटरच्या आसपास येते, म्हणून मुलांना तो फरक शिकवण्यात वेळ घालवला नाही.

गट कुठे असेल हे कळण्यासाठी योजना-चिठ्ठी ठेवली. गट सुटण्याआधी पंधरा मिनिटे नकाशे दिले आणि प्रत्येक गटाने ठरवलेल्या कंट्रोलचे आकडे क्रमाने लिहून चिठ्ठी आमच्याकडे द्यायची असे ठरवले. योजना वाटेत बदलण्याची मुभा होती. मात्र शोध घ्यायची वेळ आली तर सुरुवात कुठून करायची हे आता आमच्या हातात होते. झेंड्या उतरवण्याचा नियम एका ओळीचा केला : शेवटचा गट पटांगणात मोजला जाईपर्यंत एकही झेंडी हलणार नाही. झेंडीला पांढरी शेपटी आणि ठळक आकडा जोडला, म्हणजे म्हसोबाच्या ध्वजाशी गल्लत होणार नाही. शेळ्या चारणाऱ्या काकांना आदल्या दिवशी भेटून सगळे समजावले आणि त्यांनी खाणीच्या बाजूला दिवसभर राहण्याचे आपणहून कबूल केले.

सूचनांमध्ये तीन गोष्टी वारंवार सांगितल्या. वाट चुकली तर पूर्वेकडे उतरत राहा, डांबरी रस्ता लागतोच. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. आणि आग्या मोहोळ दिसले तर ओरडायचे नाही, दगड मारायचा नाही, आल्या वाटेने शांतपणे मागे फिरायचे. त्या दिवशी कुणीही अत्तर लावून येऊ नये हेही पालकांना कळवले होते. प्रत्येक गटाला एक साधा मोबाइल बंद पाकिटात दिला. पाकीट विनाकारण उघडले जाऊ नये म्हणून ते फोडल्यास २० गुण कापले जातील असे आम्ही ठरवले. या निर्णयाकडे पुढे परत यावे लागेल.

काय घडले

जानेवारीत सोळा गट निघाले. नियोजनाची पंधरा मिनिटे हा सबंध सकाळचा सर्वांत भरलेला वेळ होता. एका गटातल्या मुलीने ओढणीचा सुटलेला धागा ओढून काढला, तो नकाशावरच्या वाटेच्या वळणांवर बोटाने दाबत नेला आणि मग पट्टीवर ताणला. ३४ सेंटीमीटर भरला, म्हणजे १,७०० मीटर. तासाला पाच किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा त्यांना वर्गात सांगितला होता. ‘आपण पाचच्या वेगाने नाही चालत, तीन धर,’ असे गटातल्या एकाने सांगितले. १,७०० मीटरला ३४ मिनिटे, ६० मीटर चढाला सहा, आणि प्रत्येक कंट्रोलवर दोन मिनिटे. त्या गटाने आठ कंट्रोल लिहिले होते, हाताशी वेळ राहावा म्हणून त्यांतले दोन खोडले आणि चिठ्ठी दिली. ९० मिनिटे संपायला चार मिनिटे असताना तो गट ठरवलेले सहाही कंट्रोल घेऊन परत आला.

तेरा गट वेळेत आले. उरलेले तीन दोन, चार आणि सहा मिनिटे उशिरा आले आणि त्यांचे अनुक्रमे १०, २० आणि ३५ गुण गेले. सर्वाधिक गुण १९० झाले, सर्वांत कमी ६०. पहिल्या आलेल्या गटात शाळेच्या धावण्याच्या चमूतले कुणीही नव्हते. त्यांनी जवळचे दोन्ही ३० गुणांचे कंट्रोल आधी घेतले होते. कोणताही गट फुटला नाही. कंट्रोलपाशी चार मनगटे एकत्र येण्यासाठी मागच्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहायची असेल तर त्याच्या वेगाने चालणे सोयीचे पडते, हे मुलांना पहिल्या दोन कंट्रोलमध्येच उमगले. पहिल्या प्रयोगात एकट्याने पळालेला मुलगा या वेळी गटाचा नकाशा धरणारा होता. त्याच्या गटाला १४० गुण मिळाले.

सहा मिनिटे उशिरा आलेल्या गटाची हकिकत मात्र वेगळी होती. त्यांच्यातल्या एका मुलीचा पाय एका चरात मुरगळला होता. ती कसाबसा पाय टेकत होती. दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी आधार दिला, तिसऱ्याने चौघांच्या पिशव्या घेतल्या आणि पाव तास चालून ते खाली आले. पाकीट तसेच बंद होते. शिट्टीही वाजवली नव्हती. मी विचारले तेव्हा पिशव्या घेतलेला मुलगा म्हणाला, ‘सर, पाकीट फोडलं तर वीस जातात ना? आणि ती म्हणाली, चालते मी.’ घोट्याला सूज होती, हाड सुखरूप असल्याचे डॉक्टरांनी दुपारी सांगितले. त्या गटाचे ३५ गुण आम्ही परत दिले आणि बाकीच्या गटांना कारण सांगितले, तेव्हा कुणाचीही हरकत आली नाही.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहता तीन ठिकाणी निर्णय वेगळा व्हायला हवा होता. पहिले ठिकाण नोव्हेंबरमधील खाण आहे आणि त्याबद्दल वर लिहिलेच आहे. दुसरे, शोध सुरू करण्याची वेळ. नऊ वाजून वीस मिनिटे ही वेळ आम्ही त्या क्षणी ठरवली, म्हणजे वीस मिनिटे प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. जानेवारीत ती आधी लिहून ठेवली होती : दहा मिनिटे उशीर होताच दोन माणसे चिठ्ठीतल्या शेवटच्या कंट्रोलपासून उलट क्रमाने निघतील. तशी वेळ आली नाही, तरी तेवढ्या एका ओळीमुळे पटांगणातली माणसे शांत होती.

तिसरे ठिकाण पाकिटाचे, आणि तेच मला अजून अस्वस्थ करते. नोव्हेंबरमध्ये चुकीच्या गुणांनी एका मुलाला खाणीकडे नेले, हे आम्ही इतके बारकाईने तपासले, आणि जानेवारीत पुन्हा तसाच एक आकडा लिहून एका मुलीला सुजलेल्या पायाने चालायला लावले. तिथे मोबाइलला रेंज होती. फोन आला असता तर पाच मिनिटांत स्वयंसेवक पोहोचला असता, कारण सर्वांत जवळचा माणूस दोनशे मीटरवर होता. पाकीट विनाकारण उघडले जाईल ही भीती आम्ही मनाशी धरली होती. नववीच्या मुलांनी तशी वेळ एकदाही आणली नाही.

पुढच्या वर्षासाठी आणखी काही बदल ठरले आहेत. नियोजनाची वेळ पंधराऐवजी वीस मिनिटे असेल, कारण चार गटांनी घाईने चिठ्ठी भरली आणि वाटेत ती साफ बदलली. ३० गुणांचा एक कंट्रोल कुणालाही सापडला नाही. तो नकाशावर पंधरा मीटर चुकीच्या जागी दाखवला गेला होता, हे नंतर फिरताना कळले, म्हणून झेंड्या लावणारा आणि तपासणारा माणूस वेगवेगळा असेल. आणि कोणत्याही गटाने स्वतःच्या किंवा दुसऱ्या गटाच्या मदतीसाठी वेळ घालवला, तर तो वेळ त्या जागी पोहोचणारा स्वयंसेवक लिहून घेईल आणि गटाला परत मिळेल. हा वेळ मोजायचा कुठून, शिट्टी वाजल्यापासून की स्वयंसेवक पोहोचल्यापासून, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी शिट्टीच्या बाजूने आहे. सूचनापत्रिकेची पहिली ओळ मात्र सर्वांनी मिळून ठरवली आहे आणि ती ठळक छापली जाईल : ‘पाकीट फोडल्यास एकही गुण कापला जात नाही.’